सावली सोबत घेऊन

मे महिन्यात भर दुपारी धुळ्याहून जळगावकडे येताना गाडी थांबवायची म्हटलं तर थांबायचं कुठे, हा प्रश्न आताशा खानदेशातल्या प्रत्येकाला पडतो. पूर्वी तो पडत नसे. जुना सहा नंबरचा हायवे, आताचा 53, दोन पदरी होता, अरुंद होता, त्यावर अपघातही फार व्हायचे. पण दोन्ही कडांना कडुनिंब होते, वड होते, चिंचा होत्या. ट्रकवाले झाडाखाली स्टोव्ह पेटवून पोळ्या लाटत बसलेले दिसायचे. लग्नाची वऱ्हाडं झाडाखाली उतरून शिदोरी सोडायची. चौपदरीकरणात रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला, प्रवासाचा वेळ वाचला, आणि झाडं गेली. दुभाजकात कण्हेर लावली आहे. ती फुलते छान, पण कण्हेरीखाली कोणाला बसता येत नाही.

धाबे आहेत, पेट्रोल पंप आहेत, मान्य. पण धाब्यावर बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं, आणि शेवभाजी कितीही आवडत असली तरी पंचाहत्तरीच्या बाईला तिथे पाय लांब करून पडता येत नाही. पंपावरची स्वच्छतागृहं कशी असतात ते मी बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून कळणार नाही.

ही पंचाहत्तरीची बाई म्हणजे माझी आई. तिला माणसं हवी असतात. शहाद्याचं माहेर, शिरपूरची बहीण, चोपड्याकडची भाचरं, कोणाचं साखरपुड्याचं, कोणाचं बारशाचं, तिला सगळीकडे जायचं असतं. गुडघे गेलेत, तासाभरापेक्षा जास्त बसलं की कंबर धरते, तरी जायचं असतं. अमळनेरहून निघताना ती हौसेने तयार होते, आणि निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करते. वाटेत बाटली पुढे केली की, "माले पानी नको." त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात नको. घरी परतल्यावर डोकं धरून, ओठ सुकलेले, दोन दिवस पडून राहायचं. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि घरात कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण तिच्या आईनेही हेच केलं होतं आणि माझ्या वहिनीही हेच करतात. प्रवासात बाईमाणसाने पाणी बेतानेच प्यायचं असतं. ही रीत माझ्या डोक्यात फार दिवस ठसठसत होती. एक व्हॅन आतून सोयीची करून घ्यायची ठरवली ती त्यासाठी. डोंगरात मुक्काम ठोकायची, नदीकाठी तंबू लावायची हौस मला नाही. सकाळी निघून रात्री घरी यायचं, मधल्या आठ-दहा तासांत आईला आडवं होता यावं, सावली मिळावी, आडोसा मिळावा, घोटभर चहा मिळावा, एवढंच मला हवं होतं. जगभर याला डे कॅम्पर म्हणतात. आत राहायचं नसतं, दिवसभर टेकायचं असतं.

आमच्याकडे मालवाहू व्हॅन म्हटली की मारुतीची इको. त्याआधी ओमनी होती. 1984 ला आली आणि 2019 ला बंद झाली. तोपर्यंत खानदेशातली निम्मी दुधाची किटली आणि निम्मी शाळेची पोरं तिनेच वाहिली. इकोच्या कार्गो मॉडेलमध्ये पुढे दोन सीटा, मागे नुसता पत्र्याचा डबा, दोन्ही बाजूंना सरकती दारं आणि मागे वर उचलायचं दार. मला मिळाली ती पाव, खारी, टोस्ट पोचवणाऱ्या एका वितरकाची, पांढऱ्या रंगाची. आत शिरलं की वनस्पती तुपाचा वास यायचा. जमिनीच्या पत्र्यावरच्या खाचांतून खारीचा चुरा अक्षरशः वाटीने निघाला. साबणाने, मग लिंबाच्या पाण्याने, मग दोन्ही दारं उघडी टाकून उन्हाने तो वास गेला. उन्हाचा आमच्याकडे तुटवडा नाही.

कामाला लागण्याआधी कायदा नीट वाचून घेतला, आणि ज्यांना असं काही करायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो आधी वाचा, ग्राइंडर नंतर हातात घ्या. मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 52. आरसीवर बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे नोंदलंय त्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. म्हणजे खिडकी कापायची नाही, छप्पर उंच करायचं नाही, मागे सीट वाढवायची नाही. मोटर कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, म्हणून रीतसर नोंदणी करता येते, राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, पण त्याची मानकं, तपासणी, कागदपत्रं हा मोठ्या गाड्यांचा आणि मोठ्या खर्चाचा मार्ग आहे. माझ्या कामाला त्याची गरज नव्हती. मी एक नियम घालून घेतला. गाडीच्या पत्र्याला नवीन भोक नाही. जे काही बसवायचं ते कंपनीने आधीच दिलेल्या बोल्टच्या जागी, आणि जे ठेवायचं ते दोन माणसांनी उचलून बाहेर काढता येईल असं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासणीला उभं राहावं लागतं. त्या दिवशी अर्ध्या तासात गाडी पुन्हा रिकामा डबा झाली पाहिजे.

आणखी एक. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात माणूस बसवून गाडी चालवायची नाही. कायद्याने नाही आणि जिवाच्या दृष्टीने तर मुळीच नाही. धावत्या गाडीत मागे झोपलेल्या माणसाला पट्टा नसतो. ब्रेक लागला की ते माणूस म्हणजे सुटं सामान. आई पुढेच बसते, पट्टा लावून. मागचं सगळं गाडी उभी राहिल्यावर.

आता खरं काम, म्हणजे ऊन.

परदेशातल्या लोकांनी केलेली अशी कामं पाहिली तर त्यांची सगळी धडपड थंडीशी असते. आत ऊब कशी राहील, पत्र्याला आतून घाम कसा फुटणार नाही, हीटर कुठे बसवायचा. आपल्याकडे गणित उलटं. जळगाव साधारण 21 अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी जाते. त्या दिवसांत गाडीच्या भिंतींवर दुपारी ऊन पडतच नाही म्हटलं तरी चालेल, सगळं पडतं ते टपावर. म्हणून पैसा, वेळ आणि जाडी खर्चायची ती आधी टपावर.

आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं होतं. सागवानी सर, म्हणजे जाड तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखल आणि वर पांढऱ्या मातीचा थर. सगळं मिळून हातभर जाड. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि मधल्या घरात आजी गोधडी अंथरून निवांत घोरत असायची. त्या छपराचं काम वजनावर चालतं. दुपारचं ऊन मातीत मुरायला सुरुवात होते, आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर माणसं उठून धाब्यावर झोपायला गेलेली असतात. इतकं शहाणं छप्पर, पण गाडीवर नेता येत नाही. हातभर माती म्हणजे दोन-तीन टन. गाडीत वजनाने ऊन अडवता येत नाही. ते दोनच गोष्टींनी अडतं. आधी परतवायचं, आणि जे शिरेल त्याला पोकळीत अडकवायचं.

परतवायचं काम पांढरा रंग करतो, म्हणून गाडी पांढरीच घ्यावी आणि टप धुतलेला ठेवावा. आमच्या काळ्या मातीचा थर बसला की पांढऱ्या रंगाचा निम्मा गुण गेला. आतून टपाच्या पत्र्याला मी बारा मिलिमीटरचा एक्सएलपीई, म्हणजे बारीक बंद छिद्रांचा प्लास्टिकचा फोम लावला, एका बाजूला अॅल्युमिनियमचा चकाकता पापुद्रा असलेला. तो लावताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. चकाकता पापुद्रा ऊन परतवतो तो त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तेव्हाच. त्यावर थेट प्लाय दाबून बसवला की तो नुसता पत्रा होतो, आणि पत्र्यातून उष्णता सरळ चालत येते. म्हणून फोम पत्र्याला चिकटवायचा, चकाकी खाली ठेवायची, मग वीसेक मिलिमीटर पोकळी, आणि त्याखाली छताचं हलकं पॅनेल. उंचीतली दीड-दोन बोटं जातात. टपाच्या आडव्या बरगड्या असतात, त्या पोकळ पट्ट्यांमधून ऊन खाली उतरतं. त्यांनाही फोमच्या पट्ट्या लपेटाव्या लागतात, नाहीतर हात लावून पाहा, छत थंड आणि बरगड्या तव्यासारख्या.

भिंतींना ग्लासवुल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, घालायचा सल्ला मला पुष्कळांनी दिला. मी घातली नाही. ती खाजरी असते, गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसते, आणि पावसाळ्यात ओल धरली की सोडत नाही. भिंतीतही फोमच. दारांच्या बुडाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती मात्र मोकळी सोडायची. तिथे फोम घुसवला की दोन पावसाळ्यांत दार आतून गंजतं.

इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, हे विसरून चालत नाही. गाडी उभी केल्यावर ते इंजिन अर्धा तास तरी आत धग सोडत राहतं. सीटांच्या मागे मी जाड दुहेरी पडदा लावला, मध्ये तोच फोम शिवलेला. तो सोडला की पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा. पुढच्या काचेतून येणारं ऊनही त्याने अडतं.

एवढं करूनही भर उन्हात उभी गाडी थंड राहत नाही. ती कमी तापते, एवढंच. म्हणून टपावर दुसरं छप्पर लागतं. कॅरिअरच्या चार कोपऱ्यांना बांधून मी टपाच्या वर वीतभर अंतरावर शेडनेट ताणते, केळीच्या रोपवाटिकेत असते तीच हिरवी, पंच्याहत्तर टक्क्यांची, त्यावर पांढरं सुती कापड. ऊन वरच अडतं आणि मधून वारा खेळतो. हीच नेट दाराच्या बाजूने पुढे ओढून दोन बांबूंवर उचलली की आठ-दहा फुटांचा मांडव होतो. ताडपत्री मी मुद्दाम वापरली नाही. ताडपत्रीखाली धग साठते आणि आमच्याकडच्या पश्चिमेच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगून बांबू उपटते. नेटमधून वारा पार होतो. निघताना सगळं गुंडाळून आत. धावत्या गाडीच्या टपावर काहीही फडफडत ठेवायचं नाही.

गाडी उभी कशी करायची यालाही अर्थ आहे. जेवणानंतरच्या वेळेला मी नाक उत्तरेकडे करते. म्हणजे पुढच्या काचेवर ऊन थेट समोरून येत नाही, डावी बाजू पश्चिमेला येते, ते दार बंद ठेवायचं, आणि पूर्वेचं उजवं दार सताड उघडायचं, मांडवही त्याच बाजूला. ऊन कलत जातं तसा गाडीचाच आडोसा लांब होत जातो आणि तीन-चारच्या सुमाराला मांडवाची गरजही उरत नाही.

वाऱ्याचं मात्र उलटं आहे. भर दुपारी बाहेरचा वारा आत घेणं म्हणजे भट्टीचं तोंड उघडणं. केळीवाल्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं; रावेर-यावलकडे बागेच्या कडेने शेवरीची ओळ लावतात ती या झळा अडवायला. पण आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेला ओलं कापड दाखवलं की ती थंड होते. खानदेशातल्या प्रत्येक घरातला कूलर याच हिशेबावर चालतो. मी कूलरची वाळ्याची एक ताटी मागच्या दाराच्या मापाने कापून घेतली. मागचं दार वर उचलायचं, ताटी टांगायची, वरून पाणी सोडायचं, आणि आत बारा व्होल्टचा पंखा असा ठेवायचा की हवा ताटीतून आत ओढली जाईल आणि पूर्वेच्या दाराने बाहेर पडेल. बाहेर त्रेचाळीस असताना आत तेहेतीस-चौतीस सहज होतं, आणि वर वाळ्याचा वास. पावसाळ्यात हवेतच ओल असते तेव्हा ताटीचा काही उपयोग नाही, ती घरी ठेवायची.

वीज यापलीकडे लागत नाही. पंखा पंचवीस वॅटचा, एक दिवा, मोबाइलचं चार्जिंग. सहा तास पंखा चालला तरी दीडशे वॅट-तास. बारा व्होल्टची पन्नास अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सहाशेच्या वर वॅट-तास देते, म्हणजे मुबलक. सोलर पॅनेलचा मोह मी टाळला. रात्री घरी येणाऱ्या गाडीला घरचा प्लग पुरतो. बॅटरीच्या बाबतीत ऊन हाच शत्रू. या बॅटऱ्या बहुधा पंचेचाळीस अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या आत पारा त्याच्या पुष्कळ वर जातो. म्हणून बॅटरी हँडलच्या पेटीत. घरी आलो की पेटी उचलून घरात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच, मग वायर कितीही छोटी असो.

पलंगाच्या वेळी जुन्या घराचं सागवान डोळ्यांसमोर आलं. घर उतरवलं तेव्हाचे सर अजून काकांच्या वाड्यात रचून ठेवलेत, शंभर वर्षांचं लाकूड, कीड नाही. ते गाडीत घालावं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पण व्हॅन छोटी आहे आणि तिच्यात प्रत्येक किलो मोजून घालायचा असतो. आठ बाय चारच्या बारा मिलिमीटर प्लायचा एक ताव बावीस-तेवीस किलो भरतो, अठराचा घेतला तर पस्तीसच्या आसपास. लोक अठराच्या प्लायची कपाटं ठोकतात आणि मग गाडी चढावर का दमते म्हणून विचारतात. मी अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट करून घेतली, वर बारा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, त्याला हवा जायला रुपयाएवढी भोकं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांना वाटत होतं की चौकट सरळ जमिनीला वेल्ड करावी. "ताई, एकदा टाके मारले की हलायचं नाव घेणार नाही." मी म्हटलं, "दादा, मला हलायलाच हवी आहे." मग कंपनीने सामान बांधायला दिलेल्या हुकांनाच चार बोल्ट आणि विंगनट. पान्याशिवाय निघते. खाली रबर, म्हणजे पत्र्यावर वाजत नाही.

गादी कापसाची. फोमची गादी हलकी पडते आणि शिवून मिळते पटकन, पण उन्हाळ्यात ती पाठीला चिकटते, घाम जिरवत नाही. कापसाच्या देशात राहून फोमवर झोपायचं मला पटेना. पिंजाऱ्याकडून तीन घडीची पातळ गादी भरून घेतली, वर जुन्या पातळांचं कव्हर. आईची उंची पाच फूट, तेवढी लांबी पुढच्या सीटांच्या मागे सरळ मिळते. पलंगाची उंची तिच्या गुडघ्याच्या मापाने ठेवली, तिला खुर्चीत बसवून टेपने मोजून. फार खाली असला तर गुडघे गेलेल्या माणसाला उठता येत नाही, हे ठरलेल्या मापाच्या पलंगांत कोणी पाहत नाही. गाडीत चढायला आठ इंची लाकडी पायरी, तिला खालून रबर, आणि दाराजवळ मुठीत मावेल असा गोल दांडा, तोही आधीच्या बोल्टवर.

आता आडोसा. एवढा सगळा खटाटोप ज्यासाठी केला ती ही जागा, आणि नेमकं त्याविषयीच बोलायला माणसं लाजतात.

पश्चिमेच्या बंद दाराजवळचा मागचा कोपरा त्याला दिला. सर्जिकलच्या दुकानात घडीचा कमोड स्टूल मिळतो, दवाखान्यात रुग्णांना देतात तो, हातांना आधार असलेला. त्याखाली झाकणाची बादली. बादलीत तळाला आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा, आणि बाजूला भुशाचा डबा. वापर झाला की वरून दोन ओंजळी टाकायचा. ओल जिरते, वास येत नाही. जाड गडद पडदा, छतापासून जमिनीपर्यंत, छताच्या पट्टीला कड्यांनी अडकवलेला, आतून बांधता येणारा, कारण नुसत्या टांगलेल्या पडद्यावर कोणाही बाईचा विश्वास बसत नाही. हाताच्या अंतरावर पाण्याचा तांब्या ठेवायला खोबण, साबण, नॅपकिन, छोटा दिवा. बादली घरी आणून खड्ड्यात. वाटेत, नदीकाठी, कोणाच्या बांधावर कधीही नाही.

यात अवघड असं काहीच नाही. हा खर्च अख्ख्या गाडीतला सर्वांत कमी. एखाद्या साध्या कुटुंबाच्या मोटारीतही घडीचा स्टूल आणि चार बांबूंना लावायचा पडदा मागे मावतो. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, मग मूतखडे होतात, लघवीची जळजळ होते, उन्हात चक्कर येते, आणि त्यावर उपाय आपण दवाखान्यात शोधतो. लांबच्या प्रवासाची गाडी सजवताना लोक आधी म्युझिक सिस्टीम पाहतात. मला वाटतं, आधी हे पाहावं.

लग्नसराईत आम्ही बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा अशा वाटेने शहाद्याला निघालो. सवयीने आईने सकाळचा चहाही अर्धाच घेतला होता. दोंडाईच्याच्या अलीकडे एका कपाशीवाल्याच्या शेताच्या तोंडाशी, त्याला विचारून, गाडी लावली. "आठे ते एक बी झाड नई," आई म्हणाली, इथे तर एकही झाड नाही म्हणून. मी नेट ताणली, ताटी ओली केली, पंखा लावला. ती पायरीवरून दांडा धरून आत गेली, पडद्याआड जाऊन आली, हात धुतले, पलंगावर आडवी झाली. तासभर डोळा लागला तिचा. उठली आणि छागलीकडे बोट केलं. कॅनव्हासची छागल मी दाराला टांगते. कापड झिरपत राहतं, वाऱ्याने पाणी गार होतं, माठासारखं फुटायचं भय नाही. तिने पेला भरून घेतला, वरून प्यायली, आणि पुन्हा पुढे केला. शहाद्याला पोचेपर्यंत ती मधून मधून पाणी पीत होती. लग्नात रात्री दहापर्यंत बसली, सगळ्यांशी बोलली.

स्वयंपाकाचं मी फार केलं नाही. गाडीत शेगडी पेटवायची नाही, दारं बंद असताना तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छोट्या गॅस कॅनिस्टरवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे बंद गाडी उन्हाळ्यात पन्नास ओलांडते. म्हणून उन्हाळ्यात गॅस गाडीत न्यायचाच नाही. थर्मासात चहा, कळण्याची भाकरी, ठेचा, लोणचं, कैऱ्या. एवढ्यात दिवस निघतो.

हिवाळ्यात मात्र चूल हवीच, आणि तीही गाडीबाहेर, जमिनीवर. खानदेशात शेतातल्या भरीत पार्टीसारखं सुख नाही. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी, काड्या पेटवून भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईला ते सांगितलं तर म्हणते, वांगं देठाकडून पाहून घ्यावं, कागद पाहून नाही. बडगी जड असते, तरी ती गाडीत असते. तिच्यासाठी किलो मोजत नाही. मागचं दार वर उचललं की त्याखाली सावली होते, आई तिथे पलंगाच्या काठावर बसून मिरच्या निवडते आणि मी खाली चुलीशी.

असे आम्ही पाटणादेवीला गेलो, तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. चांगदेव नावाच्या गावी तापी-पूर्णेच्या संगमावर गेलो. थंडीत हतनूर धरणाच्या पाण्यावर उतरलेले पक्षी पाहिले, अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यात आईने गुडघे शेकले. कुठेही घाई नाही. देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून ती हल्ली बाहेरूनच हात जोडते आणि गाडीत पडून राहते, मी आत जाऊन येते. बाहेर सावलीत पडल्या पडल्या तिची आजूबाजूच्या बायकांशी ओळख झालेली असते. पडद्यामागच्या कोपऱ्याचा उपयोग त्यांतल्या कितीतरी जणींनी केला आहे. आई स्वतःच त्यांना आत पाठवते.

तिची आता एकच तक्रार आहे. "तुन्ही मावशीले बी लई चाल ना." म्हणजे तुझ्या मावशीलाही घेऊन चल. शिरपूरची मावशी सत्तरीची, तिचीही तीच दुखणी आणि तीच न पाणी पिण्याची सवय. पण पुढे सीटा दोनच, आणि मागे मी कोणाला बसवणार नाही. पाच सीटची इको पाहून आले. मागच्या सीटच्या मागे उरणारी जागा टेपने मोजली. स्टूल आणि पडदा बसतो, पलंग बसत नाही. पलंग बसवायचा तर सीट काढावी लागेल आणि पुन्हा कलम 52 आडवं येतं. मग सध्या असं ठरलंय की मावशी मामेभावाच्या मोटारीतून मागे येईल, दुपारी आम्ही एका जागी थांबू, आणि दोघी बहिणी आळीपाळीने पलंगावर पडतील. मांडवात दुसऱ्या गादीची सोय करायला पिंजाऱ्याकडे कापूस देऊन आले आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, दोघींना घोडे पाहायचे आहेत. आईने मावशीला फोन करून दोनदा बजावलंय, घरून पाणी पिऊन निघ म्हणून.